कवीची बाग : स्थळ आणि संहिता

अलेक्झांडर पोप १७१९ मध्ये लंडनजवळील ट्विकनहॅम येथे राहावयास आला. घर व बाग यांमधून रस्ता जात असल्याने त्याने रस्त्याखालून वाट काढली. तिचेच पुढे शिंपले-खनिजांनी मढविलेले गुहागृह झाले. स्थळाची प्रकृती ओळखूनच बाग रचावी, हा बर्लिंग्टनला लिहिलेल्या पद्यपत्रातील (१७३१) विचार त्याने येथे आचरला. पोप १७४४ मध्ये निवर्तला. १८०८ मध्ये घर पाडले गेले. मूळ बागही उरली नाही. आज गुहागृह आहे. पण ते ज्यांना जोडीत होते, ती दोन्ही टोके नाहीत. म्हणून केवळ अवशेषाची डागडुजी म्हणजे जतन नव्हे. माळी जॉन सर्लने १७४५ मध्ये प्रसिद्ध केलेला बागेचा आराखडा आणि पोपची कविता एकत्र वाचणे, हेही जतनच होय. ते अभ्यासकाचे दायित्व आहे.