पोलाद किती ताणेल, ते ओढणाऱ्यावर

खोपोलीत डोंगराकडे पाहिलं की टाटांच्या वीजकेंद्राकडे उतरणारे पोलादी नळ दिसतात. १९१५ पासून घाटमाथ्यावरच्या तलावांचं पाणी इथे सुमारे अर्धा किलोमीटर खाली येतं. तळाशी दाब चौरस सेंटिमीटरला ५० किलोच्या आसपास. कर्जतकडचं भिवपुरी केंद्र १९२२चं. असलं पोलाद चाचणीत चांगलं २० टक्के लांबतं, मग नळाची चिंता कशाला, असं एका वाचकाने विचारलंय.

चिंता एवढ्यासाठी, की चाचणीत सळई एकाच दिशेने ओढतात. नळाला पाणी घेरातूनही ताणतं आणि लांबीतूनही.

असं पोलाद तुटतं ते पोटातून. मँगनीज सल्फाइडच्या कणापासून धातू सुटतो, पोकळी पडते, फुगते, शेजारच्या पोकळीला मिळते. तुटलेल्या सळईचं एक टोक वाटीसारखं, दुसरं शंकूसारखं. वाटीचा तळ इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरा: खळगेच खळगे, एखाद्यात तो कण अजून बसलेला! या पोकळ्या अगदी सुरुवातीला ओळखल्या त्या केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांनी, १९४९ मध्ये. त्यांचं नाव निघतं ते दुभंगलेल्या लिबर्टी जहाजांच्या संदर्भात. पोकळ्यांची कीर्ती मात्र पुढे समीकरणं लिहिणाऱ्यांना मिळाली. हे मला खटकतं.

हार्वर्डच्या पर्सी ब्रिजमन यांनी सळई प्रचंड दाबाच्या द्रवात ठेवून ओढली. बाहेर लवकर तुटणारं पोलाद आत कितीतरी जास्त ताणलं गेलं, कारण दाब पोकळ्यांना फुगूच देईना. पापडाची लाटी लाटण्याखाली पातळ होत जाते, हातांनी चहूकडून ओढली की फाटते. खोपोलीच्या कोल्ड रोलिंग गिरण्यांत पत्रा बारीक होतो, त्यातही रोलच्या दाबाचा मोठा वाटा आहे.

राइस आणि ट्रेसी यांनी १९६९ मध्ये याला सूत्र दिलं. सरासरी ताणाला आकार बदलणाऱ्या ताणाने भागा: साध्या ओढीत ०.३३, बंद टोकांच्या पातळ नळात ०.५८. तेवढ्यानेच पोकळ्या जवळपास दीडपट वेगाने वाढतात. खोल खाचेपुढे आकडा १.५ वर गेला, तर सहापट. म्हणून वेल्डच्या कडेची बारीकशी खाच तपासनीस घासून काढायला लावतो, ती उगीच नव्हे.

पण निव्वळ पिळात हा आकडा शून्य, तरी काही धातू अपेक्षेआधी तुटतात. पोकळ्या तिथे फुगण्याऐवजी चपट्या होऊन कलंडतात. बाओ आणि विएर्झबिकी यांनी २००४ मध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूवर असा घोळ दाखवला. तेव्हा एकाच आकड्यावरून तुटणं सांगणारं सॉफ्टवेअर कुणी विकायला आणलं, तर त्याला आधी पिळाचं उत्तर विचारा.