हौदा कसा भरावा

महिंद्राच्या एका गाडीचं नाव ‘बोलेरो कॅम्पर’ आहे. पुढे दोन रांगांची केबिन, मागे उघडा हौदा. नावात कॅम्प असला तरी बडोद्यात ही गाडी दिसते ती विजेच्या खांबांच्या कामावर, जीआयडीसीत, नाहीतर एखाद्या बांधकामाशेजारी गोण्या उतरवताना. माझ्या काकांचं मकरपुरा जीआयडीसीत इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टचं काम आहे, त्यामुळे ती आमच्या घरी आली. वर्षातून एकदा, नाताळच्या सुट्टीत, ती नावाला जागते. हालोल, शिवराजपूर, जांबुघोडा या रस्त्याने बोडेलीच्या अलीकडे ओळखीच्यांचं शेत आहे. तिथे आम्ही घरची नऊ माणसं दोन रात्री तंबू ठोकून राहतो.

मंडळाच्या बैठकीत प्रवासवर्णनांवर बोलणं चाललं होतं, तेव्हा मी म्हटलं की या पुस्तकांतून डोंगर येतात, नद्या येतात, पण सामान कुणी बांधलं ते फारसं येत नाही. ‘मग तूच लिही,’ असं म्हणून संपादकांनी हा लेख माझ्या गळ्यात मारला. तेव्हा हे घ्या.

आधी शब्द. मालवाहू गाडीचा मागचा उघडा भाग म्हणजे हौदा. हत्तीच्या पाठीवर असतो तोही हौदाच. हौद्याची मागची पडणारी फळी म्हणजे फाळका. गादी, चादर, उशी एकत्र गुंडाळून दोरीने बांधली की वळकटी. हे तिन्ही शब्द पुढे सारखे येणार आहेत.

काकांच्या गाडीचा हौदा साधारण एक टन वजन पेलायला बनवलाय. आमचं सगळं सामान एकदा बाथरूमच्या वजनकाट्यावर तोललं, ते तीनशे किलोच्या आतच भरलं. म्हणजे वजनाची काळजी नको, असं वाटेल. पण भानगड तिथेच आहे. टनभर ओझ्यासाठी लावलेले मागचे पाटे पाव टनाला दाद देत नाहीत. अर्धवट भरलेली गाडी खड्ड्यात टणाटण उडते आणि आतलं सामान तिच्याबरोबर उडतं. शिवाय आपलं सामान हलकं पण फुगीर. सहा वळकट्यांचं वजन दोन पाण्याच्या जारएवढं, आणि जागा मात्र अर्ध्या हौद्याची.

म्हणून आम्ही आदल्या संध्याकाळी पार्किंगमध्ये खडूने जमिनीवर हौद्याएवढा चौकोन काढतो. मागच्या चाकांचे फुगवटे आत येतात तेही काढायचे, कारण दरवर्षी तिथेच गणित चुकायची भीती असते. सगळं सामान त्या चौकोनात आधी मांडून बघायचं. यात पहिली वस्तू ठेवली जाते ती आजीची.

आजी ७८ वर्षांची आहे. गुडघे गेलेले, मधुमेह आहे, आणि हौस आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त. तिला जमिनीवर झोपता येत नाही म्हणून घडीची खाट. खाली बसता येत नाही म्हणून कमोडची खुर्ची, आणि तिच्या आडोशाला कनात. पाठ टेकायला हाताची खुर्ची. चौकोनाचा जवळजवळ चौथा हिस्सा एवढ्यातच जातो. पुष्कळ घरांत बाकीचं सामान भरून झाल्यावर ‘आता म्हाताऱ्या माणसाचं काय बसतंय बघू’ असं होतं, आणि मग काही बसत नाही. ‘कशाला त्यांना उगाच त्रास’ असं प्रेमाने म्हणून त्यांना घरी ठेवलं जातं. आमच्याकडे आईचा नियम आहे: आजीचं सामान आधी, राहिलेल्या जागेत बॅडमिंटनच्या रॅकेटी.

आता भरायचं कसं? इथे दोन नियम एकमेकांशी भांडतात.

पहिला नियम वजनाचा. जड वस्तू तळाला आणि पुढे, केबिनच्या भिंतीला भिडवून, मागच्या चाकांच्या पुढे. जोरात ब्रेक लागला की गाडी थांबते, सामान थांबत नाही. ते पुढे धावतं. भिंतीला आधीच टेकलेल्या जारला धावायला जागाच राहत नाही. उलट जड सामान फाळक्याशी ठेवलं तर तरफेसारखं होतं. मागची चाकं टेकू, मागे ओझं, आणि गाडीचं नाक हलकं. पुढच्या चाकांवरचा भार कमी झाला की स्टिअरिंगची पकड सैल पडते. वीस लिटरचा एक जार म्हणजे वीस किलो, आमचे तीन जार म्हणजे साठ. तेही गळ्यापर्यंत भरलेले हवेत. अर्ध्या जारमधलं पाणी वळणावर हेलकावे खातं आणि जारला आडवा पाडतं.

दुसरा नियम क्रमाचा. जे आधी लागणार ते शेवटी भरायचं, म्हणजे फाळका पाडला की हाताशी येईल. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि शेतावर अंधार झपकन पडतो. पोचल्याबरोबर काय लागतं? आजीला बसायला खुर्ची. प्यायला पाणी. जागा झाडायला खराटा, अंथरायला ताडपत्री, तंबू, खुंट्या, हातोडी, दिवा. आणि चहा, नाहीतर काका तंबूला हात लावत नाहीत.

भांडण पाण्यावरून आहे हे लक्षात आलं असेल. वजनाचा नियम म्हणतो पाणी सगळ्यात पुढे, क्रमाचा नियम म्हणतो सगळ्यात मागे. आम्ही वाटणी केली: मोठे जार केबिनच्या भिंतीला, आणि पाच लिटरचा एक छोटा कॅन फाळक्याजवळ, चहापुरता. तंबूही जडच असतो, पण तो लांबट. तो आडवा न ठेवता हौद्याच्या कडेने उभा, पुढून मागेपर्यंत सरकवला की वजन पसरतं आणि टोक फाळक्याशी येतं. टोक धरून ओढला की तंबू बाहेर.

क्रमाचा नियम काही आमचा शोध नाही. ब्राउटन नावाचा इंग्रज अधिकारी १८०९ साली दौलतराव शिंद्यांच्या छावणीबरोबर फिरत होता. त्याची पत्रं पुढे १८१३ मध्ये पुस्तकरूपाने आली. कूच असेल त्या दिवशी बिनीवाला पहाटेच पुढे निघतो, नव्या जागी पोचून महाराजांचे तंबू पडायचे तिथे निशाण रोवतो आणि मग बाजारांची निशाणं लागतात, असं त्यात वर्णन आहे. म्हणजे मागून येणाऱ्या हजारो माणसांना आपला मुक्काम कुठे ते आधीच ठरलेलं. बिनी म्हणजे सैन्याची आघाडी. ‘बिनीचा शिलेदार’ आपण भाषणांत सहज म्हणतो, बिनीवाले हे आडनावही आहे. पण निशाण आणि हातोडी सामानाच्या तळाशी असती तर बिनीवाल्याने काय केलं असतं, याचा विचार माझ्या मनात दरवर्षी फाळका लावताना येतो. आजही पंढरीच्या वारीत दिंड्यांचे ट्रक राहुट्या आणि भांडी घेऊन पुढे जातात, आणि वारकरी चालत पोचतात तेव्हा मुक्कामाची तयारी झालेली असते.

खोक्यांवर नावं लिहिण्याची एक सवय मला फार आवडते, आणि ती काकूची आहे. पूर्वी आमच्या खोक्यांवर ‘भांडी’, ‘किराणा’, ‘कपडे’ असं असायचं. चहा करायला मग तीन खोकी उघडा. काकूने प्रकार सोडून वेळ लिहायला सुरुवात केली: ‘पोचल्यावर’, ‘रात्री’, ‘सकाळी’. ‘पोचल्यावर’ या खोक्यात पातेलं, गाळणं, चहा-साखर, दूध पावडर, लायटर, कप आणि सगळ्यात वर टॉर्च. ‘सकाळी’त कांदेपोहे आणि दात घासायचं सामान शेजारी शेजारी असतं. आजीला ते बघवत नाही, पण सापडतं लगेच.

गॅसचा छोटा सिलिंडर, पाच किलोचा, नेहमी हौद्यात, उभा, रेग्युलेटर काढून आणि टोपण लावून, दोन वळकट्यांच्या मध्ये बांधलेला. केबिनमध्ये कधीही नाही. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर बंद केबिनच्या तळाशी पायांजवळ साठत राहतो.

आजीचं इन्सुलिन मात्र केबिनमध्ये, आईच्या पर्समध्ये. बर्फाच्या पेटीत बर्फाला टेकून ठेवलं तर ते गोठतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं. डॅशबोर्डवरच्या उन्हानेही ते बिघडतं. डिसेंबरात रुंद तोंडाच्या रिकाम्या थर्मासमध्ये, रुमालात गुंडाळून, ते छान राहतं.

शेवटी ताडपत्री. तिची पुढची कड सामानाखाली दाबायची. ती वर राहिली तर वारा आत शिरतो आणि हालोल येईपर्यंत ताडपत्रीचा फुगा होतो. दोरीला ट्रकवाले मारतात ती गाठ: दोरीच्या मध्यावर एक फासा करायचा, टोक खालच्या हुकातून काढून परत त्या फाशातून ओवायचं आणि खाली ओढायचं. फासा कप्पीचं काम करतो, त्यामुळे माझ्यासारखीच्या हातालाही दोरी तारेसारखी ताणता येते. दहा-पंधरा किलोमीटरवर एकदा थांबून दोरी तपासायची. सामान बसतं, दोरी सैल होते.

माणसं हौद्यात बसत नाहीत. चुलत भाऊ दरवर्षी ‘आम्ही मागे वळकट्यांवर बसतो ना’ म्हणतात आणि दरवर्षी नकार ऐकतात. मालवाहू हौद्यात माणसं बसवणं कायद्याला मंजूर नाही, आणि ब्रेक लागल्यावर सामान पुढे धावतं हे वर लिहिलंच आहे. केबिनमध्ये पाच, बाबांच्या कारमध्ये चार, एवढाच हिशोब. खाऊची पिशवी कुठल्या गाडीत, यावर जी लढाई होते ती इथे लिहीत नाही. एवढंच सांगते की आजीच्या दशम्या आणि काकूचे थेपले वेगवेगळ्या गाड्यांत असतात, आणि लीला चेवडा दोन्हीत.

मुक्कामावर रात्री खाण्याचं एकही खोकं हौद्यात ठेवायचं नाही. जांबुघोड्याच्या जंगलात अस्वलं आहेत, बिबटे आहेत. शेतापर्यंत ती येवोत न येवोत, कुत्री आणि पहाटे वानरं नक्की येतात. सगळं खाणं केबिनमध्ये, काचा बंद.

परतीला तेच सामान वाढल्यासारखं वाटतं. वाढतं ते दवाचं पाणी आणि घडीतला निष्काळजीपणा. परतताना क्रमाचा नियम लागत नाही, घरी कुणाला घाई नसते. फक्त वजनाचा पाळायचा. रिकामे जार आता वर चालतात, म्हणून खाट तळाला जाते. ओला तंबू सगळ्यात वर, पिशवीबाहेर, सैल गुंडाळून. ओला तसाच आठवडाभर पडला तर त्याला बुरशी धरते आणि तो वास पुढच्या नाताळपर्यंत जात नाही. आमचा तंबू गच्चीवर दोन उन्हं खाल्ल्याशिवाय पिशवीत जात नाही.