टेन्शनची गोळी सुटते, पण एका झटक्यात नाही

‘डॉक्टरांनीच लिहून दिली होती, मग सवय कशी लागेल?’ अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम अशा गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांच्या घरात हा प्रश्न हमखास निघतो. लागते. चिठ्ठीवर लिहिलेल्या डोसमध्ये, एकही गोळी जास्त न घेता लागते. मेंदूच्या पेशींना शांत करणारं ‘गाबा’ नावाचं रसायन शरीरातच असतं आणि ही गोळी त्याचा जोर वाढवते. रोज बाहेरून मदत मिळू लागली की मेंदू स्वतःचा प्रतिसाद कमी करतो. काही आठवड्यांतच हे घडू शकतं. म्हणूनच ब्रिटनच्या औषध-सुरक्षा समितीने 1988 मध्येच या गोळ्या दोन ते चार आठवड्यांपुरत्याच द्याव्यात, असं डॉक्टरांना सांगितलं होतं.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या सोयगावात अडचण वेगळी आहे. जिल्ह्याच्या शहरातल्या सरकारी घाटी रुग्णालयाचा मानसोपचार विभाग शंभराहून अधिक किलोमीटरवर, अजिंठ्याचा घाट चढून. जळगाव त्यामानाने जवळ, पण तिथेही जाऊन येण्यात मजुरीचा दिवस बुडतो. अशा ठिकाणी पुन्हा दाखवायला जाणं राहून जातं आणि महिनाभरासाठी लिहिलेली गोळी जुन्या चिठ्ठीवर चार वर्षं चालू राहते. यात रुग्णाला दोष देणं मला अन्यायाचं वाटतं. पण जुन्या चिठ्ठीवर गोळी देताना कायदाही आड येतो. अल्प्राझोलाम, डायझेपाम आणि नायट्राझेपाम 1 मार्च 2014 पासून औषधविक्रीच्या नियमांतल्या ‘एच-1’ यादीत आहेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय त्या विकता येत नाहीत आणि विक्रीची नोंद मेडिकलवाल्याने तीन वर्षं जपून ठेवायची असते. हा नियम रुग्णाच्या भल्यासाठी आहे, त्याला छळायला नव्हे.

‘नशेच्या गोळ्या म्हणजे टवाळ पोरांचं काम,’ असंही म्हटलं जातं. छत्रपती संभाजीनगरात ‘बटन’ आणि मालेगावात ‘कुत्ता गोळी’ पकडल्याच्या बातम्या येतात, त्या बहुतेकदा याच कुळातल्या गोळ्या असतात. 2019 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणाने वैद्यकीय सल्ल्याबाहेर झोपेच्या व गुंगीच्या गोळ्या घेणाऱ्यांचा आकडा सुमारे 1 कोटी 18 लाख सांगितला. चिठ्ठीप्रमाणे घेऊन सवय लागलेली आजी त्या आकड्यात नाही. तिचं शरीर गोळीला सरावलंय, एवढंच. तिला नशेडी म्हटलं, तर ती गोळी लपवून घेईल आणि डॉक्टरांपासूनही लपवेल.

आता सगळ्यात घातक समजूत: ‘मन घट्ट करायचं आणि आजपासून बंद!’ घरातला कोणीतरी चिडून पाकीटच फेकून देतो. अल्प्राझोलाम शरीरातून लवकर उतरतं, त्यामुळे दिवस-दोन दिवसांतच हात थरथरतात, घाम फुटतो, छाती धडधडते, झोप उडते. डायझेपाम हळू उतरतं, तिथे हाच त्रास आठवड्याने सुरू होऊ शकतो. मोठा डोस बरेच महिने घेतला असेल, तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. बऱ्याच घरांत हा त्रास बघून ‘आजार उलटला’ असं ठरवतात आणि गोळी पुन्हा सुरू होते, कधी वाढीव डोसने. पुष्कळदा तो आजार नसतो, गोळी अचानक थांबल्याचा परिणाम असतो. दोन्हींतला फरक डॉक्टरच ओळखू शकतात.

गोळी सोडवतात ती टप्प्याटप्प्याने. अमेरिकेतल्या तज्ज्ञ संघटनांनी 2025 मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार सुरुवातीला दर दोन ते चार आठवड्यांनी डोस 5 ते 10 टक्केच कमी करावा. म्हणजे काम महिन्यांचं आहे, काहींचं वर्षाचंही. मध्ये त्रास वाढला तर त्याच डोसवर थांबतात. काही डॉक्टर हळू उतरणाऱ्या डायझेपामवर नेऊन मग कमी करतात. सोबत चिंतेवरचं समुपदेशन मिळालं, तर सुटण्याची शक्यता वाढते. भरती व्हावंच लागतं असंही नाही. पूर्वी फिट आलेली असेल, डोस फार मोठा असेल किंवा दारूही चालू असेल, तर भरती करणं बरं. दारू आणि ही गोळी एकत्र घेतली तर श्वास थांबू शकतो.

‘वय झालं, आता राहू द्या’ हेही खरं नाही. म्हातारपणी याच गोळ्यांमुळे तोल जातो, खुब्याचं हाड मोडतं, विसरभोळेपणा वाढतो. कॅनडात 65 वर्षांवरच्या रुग्णांना फक्त एक माहितीपुस्तिका पाठवली होती. सहा महिन्यांत त्यांच्यातल्या 27 टक्के लोकांनी गोळी पूर्ण सोडली, पुस्तिका न मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण 5 टक्के होतं. 2014 चा हा अभ्यास.

आणखी एक. मानसोपचाराची प्रत्येक गोळी ‘झोपेची’ नसते. एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिन ही नैराश्य आणि चिंतेवरची औषधं वेगळी आहेत, तीही मनाने बंद करू नयेत. आपल्याकडे एस्सिटॅलोप्रॅम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत मिळतात, म्हणून पाकिटावरची नावं वाचून घ्या.

घरात कोणी अशी गोळी घेत असेल, तर आज काहीच बंद करू नका. पाकीट आणि जुनी चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे जा. जाणं लगेच जमत नसेल, तर ‘टेली-मानस’च्या 14416 या मोफत क्रमांकावर चोवीस तासांत कधीही, मराठीतून बोला. फिट आली किंवा माणूस बरळू लागला, तर फोनवर वेळ न घालवता थेट दवाखान्यात न्या आणि कोणती गोळी कधी बंद केली, ते तिथे आधी सांगा.