गुरुमुखाची विद्या व शिष्यांच्या वह्या

बारामती-इंदापूर भागांत मोरोपंतांच्या काव्याचीं हस्तलिखितें शोधणाऱ्या संग्राहकांचें लक्ष आम्ही गायनाच्या चिजांच्या वह्यांकडेहि वेधूं इच्छितों. गायनविद्या गुरुमुखानें चालते. म्हणून शिष्यपरंपरा हाच तिचा मुख्य पुरावा होय. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) यांनीं वासुदेवबुवा जोशी यांजपाशीं ग्वाल्हेरची गायकी आत्मसात् करून ती महाराष्ट्रांत रुजविली. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर यांनीं १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिलें व चिजा स्वरलिपीसह छापिल्या. दुसरे शिष्य मिराशीबुवा यांनींहि चिजा ग्रंथबद्ध केल्या. गुरूची विद्या अशी कागदावर उतरली. परंतु छापील पाठ म्हणजे एकेका शिष्याचें स्मरण. पाठभेद ताडून पाहण्यास जुन्या वह्याच हव्यात. पोथ्यांबरोबर त्याहि जपाव्या, रद्दींत जाऊं देऊं नयेत.