आंतरजालावरील अब्रुनुकसानी

एखाद्या व्यक्तीच्या लौकिकास बाध आणणारे विधान, चित्र वा ध्वनिचित्रफीत आंतरजालाच्या द्वारे त्रयस्थापर्यंत पोहोचविणे, यास आंतरजालावरील अब्रुनुकसानी म्हणतात. भारतात या अपराधासाठी स्वतंत्र कायदा नाही. मुद्रणाच्या काळात सिद्ध झालेला अब्रुनुकसानीचा कायदाच येथे लागू होतो. त्याची सर्व मांडणी ‘प्रसिद्धी’ या एका कल्पनेवर उभी आहे. वृत्तपत्राच्या बाबतीत ती कोणी, केव्हा व कोठे केली, हे अंकावरील नाव, दिनांक व पत्ता पाहून ठरत असे. आंतरजालाने ही तिन्ही उत्तरे अनिश्चित केली व न्यायालयांना ती नव्याने शोधावी लागली.

अब्रुनुकसानी हे दिवाणी अपकृत्य आहे, तसाच तो फौजदारी गुन्हाही आहे. दिवाणी बाजू संहिताबद्ध नसून न्यायालयीन निर्णयांवर आधारलेली आहे. तीत नुकसानभरपाई व मनाई हुकूम मागता येतो. फौजदारी बाजू भारतीय दंड संहितेच्या (१८६०) कलम ४९९ व ५०० मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ३५६ त्यांच्या जागी आले. व्याख्या, चार स्पष्टीकरणे व दहा अपवाद जवळजवळ जसेच्या तसे राहिले. दोन वर्षांपर्यंतची साधी कैद, दंड किंवा दोन्ही या शिक्षांना समाजसेवेचा पर्याय तेवढा नव्याने जोडण्यात आला. व्यक्तीचे नैतिक वा बौद्धिक चारित्र्य, जात, व्यवसाय अथवा पत यांसंबंधी इतरांच्या मनातील आदर कमी होणे, ही हानीची कसोटी आहे. कोणाला नुसता राग यावा असे बोलणे म्हणजे अब्रुनुकसानी नव्हे. विधान खरे असणे हा दिवाणी दाव्यात पूर्ण बचाव ठरतो. फौजदारी खटल्यात मात्र ते खरे असून शिवाय लोकहितार्थ केलेले असावे लागते. हा भेद पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

सत्याच्या बचावाचा गाजलेला जुना दाखला मुंबईचा आहे. सत्यप्रकाश या पत्राचे संपादक करसनदास मुळजी यांनी वल्लभ संप्रदायातील महाराजांच्या वर्तनावर टीका केली, तेव्हा जदुनाथजी महाराजांनी त्यांच्यावर ५०,००० रुपयांचा दावा लावला. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारख्यांच्या साक्षी होऊन एप्रिल १८६२ मध्ये निकाल मुख्यतः संपादकाच्या बाजूने लागला. याच्या उलट स्थिती वीस वर्षांनी दिसली. कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून हाती आलेली पत्रे खरी मानून केसरी व मराठा यांनी त्यांच्यावर आरोप केले. पत्रे बनावट निघाली. दिलगिरी व्यक्त करूनही आगरकर व टिळक यांना १८८२ मध्ये चार महिन्यांची शिक्षा झाली. त्यांपैकी १०१ दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. हेतू शुद्ध असला, तरी हाती आलेल्या मजकुराची शहानिशा करण्याची जबाबदारी तो प्रसिद्ध करणाऱ्यावर असते, हे तत्त्व तेथे स्पष्ट झाले. भ्रमणध्वनीवर आलेला मजकूर न वाचताच पुढे ढकलणाऱ्यास आज ते जितके लागू आहे, तितके क्वचितच अन्य कोणास असेल.

पहिला प्रश्न प्रसिद्धी कोणी केली, हा होय. मूळ मजकूर लिहिणारा जबाबदार असतो, याविषयी वाद नाही. तो पुढे पाठविणाराही पुनःप्रसिद्धी करतो, ही कायद्याची जुनी भूमिका आहे. स्त्री-पत्रकारांविषयीचा अवमानकारक मजकूर समाजमाध्यमावर पुढे पाठविणाऱ्या एका अभिनेत्याच्या प्रकरणात मद्रास उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये, असा मजकूर पुढे पाठविणे म्हणजे त्यास संमती देणे होय, असे म्हटले. पुढे फौजदारी कारवाई रद्द करण्याची त्याची मागणीही मान्य झाली नाही व ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला.

व्हॉट्सॲपवरील गटाचा नियंत्रक, म्हणजे रूढ भाषेत ॲडमिन, याची स्थिती वेगळी आहे. गोंदिया जिल्ह्यातील एका प्रकरणात गटातील सदस्याने एका स्त्रीविषयी अश्लील मजकूर लिहिला आणि ॲडमिनने त्याला गटातून काढले नाही, म्हणून ॲडमिनवरही गुन्हा नोंदविण्यात आला होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १ मार्च २०२१ रोजी तो रद्द केला. सदस्य घेणे वा काढणे एवढाच ॲडमिनचा अधिकार असतो. मजकूर लिहिला जाण्यापूर्वी तो रोखता येत नाही. म्हणून समान हेतू किंवा पूर्वनियोजन दिसत नसेल, तर दुसऱ्याच्या मजकुरासाठी त्यास दोषी धरता येणार नाही, असा हा निर्णय आहे. प्रकरण विनयभंगाच्या व अश्लीलतेच्या कलमांखालील होते. तथापि त्यातील तर्क अब्रुनुकसानीसही लागू पडेल असा आहे.

मजकूर ज्यांच्या मंचावरून वाहतो त्या कंपन्यांना कायदा ‘मध्यस्थ’ म्हणतो. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याच्या कलम ७९ ने त्यांना सशर्त संरक्षण दिले आहे. त्याचे २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झालेले रूप बरेच व्यापक आहे. त्यापूर्वीच्या कलमाचा आधार अब्रुनुकसानीच्या फौजदारी गुन्ह्यात मिळत नाही, असे गूगल इंडिया विरुद्ध विशाका इंडस्ट्रीज या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ठरविले. श्रेया सिंघल प्रकरणाच्या निकालानुसार (२०१५) न्यायालयाचा आदेश वा शासनाची अधिसूचना मिळाल्यानंतरच मध्यस्थास मजकुराची ‘प्रत्यक्ष जाणीव’ झाली असे मानले जाते. यामुळे केवळ पत्र पाठवून मजकूर काढवून घेण्याचा मार्ग अरुंद झाला. ऑक्टोबर २०२२ मध्ये मध्यस्थांविषयीचे नियम सुधारताना केंद्र शासनाने निषिद्ध मजकुराच्या यादीतून बदनामीदर्शक शब्दच वगळले. एखादे विधान बदनामीकारक आहे की नाही हे कंपनीने नव्हे, तर न्यायालयाने ठरवावे, अशी त्यामागील भूमिका होती. ती तत्त्वतः योग्य वाटते. तिचा व्यावहारिक भार मात्र पीडित व्यक्तीवर पडतो.

प्रसिद्धी केव्हा झाली, याला मुदतीच्या दृष्टीने महत्त्व आहे. मुदत अधिनियम, १९६३ प्रमाणे दिवाणी दाव्यास प्रसिद्धीपासून एक वर्षाची मुदत असते. इंग्लंडमध्ये ड्यूक ऑफ ब्रन्स्विक याने १८४९ मध्ये सतरा वर्षांपूर्वीच्या अंकाची एक प्रत आपल्या माणसाकरवी विकत आणविली आणि ती विक्री नवी प्रसिद्धी ठरून दावा मुदतीत बसला. हाच नियम आंतरजालास लावला, तर मजकूर उघडणाऱ्या प्रत्येक वाचकागणिक मुदत नव्याने सुरू होईल. म्हणून दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये फेसबुकवरील मजकुरासंबंधी ‘एकच प्रसिद्धी’ हे तत्त्व स्वीकारून पहिल्या प्रसिद्धीपासून मुदत मोजली. इंग्लंडने त्याच वर्षीच्या अधिनियमाद्वारे जुना नियम सोडला. स्थळाविषयी ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाचा २००२ मधील निर्णय सर्वत्र उद्धृत केला जातो : अमेरिकेत जालावर ठेवलेला लेख मेलबर्न येथे वाचला गेला, तर हानीही मेलबर्न येथेच झाली. भारतातही दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १९ नुसार हानी झाली त्या ठिकाणी वा प्रतिवादीच्या निवासाच्या ठिकाणी दावा लावता येतो.

जुना कायदा अपुरा वाटून नवे कलम करण्याचा एक प्रयत्न झाला, तो फसला. माहिती तंत्रज्ञान अधिनियमात कलम ६६ अ घालून ‘अत्यंत आक्षेपार्ह’ वा त्रासदायक संदेश पाठविणे तीन वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र ठरविण्यात आले. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंद असताना पालघर येथील एका तरुणीने त्या बंदविषयी फेसबुकवर प्रश्न उपस्थित केला. दुसरीने त्यास पसंती दर्शविली. दोघींना अटक झाली आणि देशभर क्षोभ उसळला. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी हे कलम घटनाबाह्य ठरविले. संविधानाच्या अनुच्छेद १९(२) मध्ये अब्रुनुकसानी हा भाषणस्वातंत्र्यावरील निर्बंधाचा मान्य आधार आहे, हे खरे. परंतु लौकिकास बाध येणे हा त्या गुन्ह्याचा गाभा या कलमात नव्हताच, असे न्यायालयाने दाखवून दिले.

व्यवहारात हा कायदा कसा चालतो, हे वाशिम जिल्ह्यातील आसेगाव (ता. मंगरूळपीर) यासारख्या गावाच्या उदाहरणाने पाहता येईल. तेथील एखाद्या शिक्षिकेवर गावाच्या व्हॉट्सॲप गटात पैसे खाल्ल्याचा खोटा आरोप झाला, असे समजू. ती आसेगावच्या पोलिस ठाण्यात गेली, तरी हा गुन्हा अदखलपात्र व जामीनपात्र असल्याने पोलिसांस दंडाधिकाऱ्याच्या आदेशावाचून तपास करता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२२ प्रमाणे बाधित व्यक्तीने स्वतः प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यापुढे फिर्याद मांडावी लागते. त्यास तीन वर्षांची मुदत आहे. दखल घेण्यापूर्वी आरोपीस म्हणणे मांडण्याची संधी देणे आता आवश्यक आहे. प्रकरण आपसांत मिटविताही येते. मोठ्या शहरातील वर्तमानपत्राचा वाचक अनोळखी असतो. गावातील गटाचा प्रत्येक सदस्य मात्र त्या शिक्षिकेला ओळखतो. वाचक शंभर असले तरी हानी संपूर्ण असते, आणि तिचे मोजमाप करण्याचे साधन कायद्यापाशी फारसे नाही.

खरी अडचण पुराव्याची असते. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ मधील निवडणुकीवरून उद्भवलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी निर्णय दिला. मूळ उपकरणच न्यायालयापुढे आणले नसेल, तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र अनिवार्य आहे, असा तो निर्णय होय. ही तरतूद आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये असून प्रमाणपत्राचा एक भाग तज्ज्ञाने भरावयाचा असतो. भ्रमणध्वनीच्या पडद्याचे नुसते छायाचित्र म्हणूनच सहसा पुरत नाही. ईमेलद्वारे झालेल्या अब्रुनुकसानीचे भारतातील पहिले प्रकरण म्हणून ज्याचा उल्लेख होतो, त्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २००१ मध्ये एका कंपनीच्या कर्मचाऱ्याविरुद्ध तात्पुरता मनाई हुकूम दिला होता. २०१४ मध्ये अंतिम निकाल लागला तेव्हा संदेश त्यानेच पाठविले, हे सिद्ध न झाल्याने कंपनीस कायमचा हुकूम मिळू शकला नाही.

कायद्याची दुसरी बाजूही विचारात घ्यावी लागते. सुनावणीपूर्वीच मजकूर काढण्याचा आदेश देणे म्हणजे बहुधा प्रकरणाचा निकालच लावणे होय. झी एन्टरटेन्मेंट या मुंबईच्या कंपनीविषयी ब्लूमबर्गने लिहिलेला लेख काढून टाकण्याचा खालच्या न्यायालयाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २२ मार्च २०२४ रोजी याच कारणासाठी रद्द केला; असा हुकूम अपवादात्मक प्रसंगीच द्यावा, असे बजावले. धनवान पक्ष केवळ प्रतिपक्षास थकविण्यासाठी दावे लावतात, याचीही न्यायालयाने दखल घेतली. ब्रिटनने अब्रुनुकसानीचा फौजदारी गुन्हा २००९ च्या अधिनियमाने रद्द केला. श्रीलंकेने तो २००२ मध्येच काढून टाकला होता. भारतात तो संविधानसंमत असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने सुब्रमण्यम स्वामी प्रकरणात १३ मे २०१६ रोजी दिला. प्रतिष्ठा हा अनुच्छेद २१ खालील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे कारण त्यासाठी देण्यात आले. नव्या न्याय संहितेतही संसदेने हा गुन्हा कायम ठेवला आहे.