सॉफ्टवेअरला पेटंट द्यायचंच नाही असं ठरवलं तर? न्यूझीलंडची गोष्ट



आठवी-नववीची मुलं हल्ली स्वतः ॲप बनवतात. कुणी पाढे पाठ करून घेणारा खेळ करतं, कुणी एसटीचं वेळापत्रक दाखवणारं ॲप. कौतुक तर वाटतंच, पण पाठोपाठ पालकांचा प्रश्न येतो, "सर, याचं पेटंट काढून टाकायचं का? कुणी ढापलं म्हणजे?" याचं उत्तर वाटतं तेवढं सरळ नाही. सॉफ्टवेअरला पेटंट द्यायचंच नाही असं कायद्यात लिहिणारे देश आहेत. त्यातलं फार गाजलेलं उदाहरण न्यूझीलंडचं. तिथे नेमकं काय केलं आणि त्याने काय बदललं, ते आज बघू.

आधी कॉपीराइट आणि पेटंट यांतला फरक

गोंधळ होतो तो इथेच. समजा, तुम्ही पुरणपोळीची कृती स्वतःच्या शब्दांत लिहून छापली. ते शब्द तुमचे. दुसऱ्याने जसेच्या तसे उचलले तर तुम्ही हरकत घेऊ शकता. हा कॉपीराइट. पण शेजारच्या काकूंनी ते वाचून घरी पुरणपोळ्या लाटल्या, तर त्यांना अडवता येत नाही. पेटंट याच्या पुढे जातं. तिथे करण्याची पद्धतच तुमच्या मालकीची होते. काकूंनी ती स्वतःच्या डोक्याने शोधून काढली असली, तरी त्यांना तुमची परवानगी लागणार, तीही साधारण २० वर्षं. (पुरणपोळीला कुणी पेटंट देणार नाही, कारण ती नवीन नाही. उदाहरणापुरतं घ्या!)

सॉफ्टवेअरचा कोड लिहिला की कॉपीराइट आपोआप मिळतो. आपल्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅम 'साहित्यकृती'त मोडतो. म्हणजे कायद्याच्या नजरेत कादंबरी आणि कोड एकाच रांगेत. तेव्हा 'सॉफ्टवेअर पेटंटला बंदी' याचा अर्थ 'कॉपी करायला मोकळीक' असा मुळीच नाही. बंदी असते ती कल्पनेवर, पद्धतीवर मालकी सांगण्याला.

पेटंट दिलं की काय होतं?

अमेरिकेतलं एक उदाहरण. १९९९ साली ॲमेझॉनला एका क्लिकवर खरेदी करण्याच्या पद्धतीचं पेटंट मिळालं. लगेच त्यांनी बार्न्स अँड नोबल या पुस्तकविक्रेत्या कंपनीवर दावा ठोकला. कोर्टाच्या मनाईमुळे त्या कंपनीला काही काळ ग्राहकांना मुद्दाम एक क्लिक जास्त करायला लावावा लागला. पुढे वरच्या कोर्टाने ती मनाई उठवली, पण ॲपलने मात्र पैसे मोजून त्या पद्धतीचा परवाना घेतला होता. एका क्लिकसाठी!

दुसरं उदाहरण गणिताचं आहे, म्हणून मला जास्त आवडतं. इंटरनेटवर निरोप गुप्त ठेवण्यासाठी आरएसए नावाची पद्धत वापरतात. तिचा पाया म्हणजे मोठमोठ्या मूळ संख्या. सहावीच्या मुलांनाही ठाऊक असतात त्याच. या पद्धतीला अमेरिकेत १९८३ साली पेटंट मिळालं. पण संशोधकांनी ती आधीच प्रसिद्ध केली होती, त्यामुळे बाकीच्या देशांत पेटंट मिळायचा रस्ता बंद झाला. परिणाम असा, की तेच गणित बाहेर मोकळं आणि अमेरिकेत २००० सालापर्यंत परवानगीचं. पेटंट देशाच्या सीमेपाशी थांबतं, हे लक्षात असू द्या. पुढे उपयोगी पडेल.

न्यूझीलंडने काय केलं?

१९५३ चा जुना पेटंट कायदा बदलण्यासाठी तिथे २००८ साली विधेयक आलं. २०१० साली संसदेच्या समितीने सुचवलं, की कॉम्प्युटर प्रोग्रॅम पेटंटमधून वगळावेत. तिच्यापुढे आलेला मुख्य मुद्दा असा होता, की नवं सॉफ्टवेअर नेहमी जुन्यावरच रचलं जातं आणि किरकोळ युक्त्यांनाही पेटंट मिळालं तर पुढच्याचं काम अडतं.

यानंतर तीन वर्षं गेली ती शब्दांच्या ओढाताणीत. २०१२ साली मंत्र्यांनी 'निव्वळ प्रोग्रॅम म्हणून' अशी मर्यादा घालणारा शब्दप्रयोग सुचवला, तेव्हा प्रोग्रॅमर मंडळी चिडली. युरोपच्या करारात तसेच शब्द आहेत आणि तरीही तिथे सॉफ्टवेअरशी संबंधित पेटंटं निघतात, हे त्यांना माहीत होतं. शेवटी शब्द राहिले, पण त्यांचा अर्थ कायद्यातच स्पष्ट केला गेला. शोधाचं खरं योगदान फक्त प्रोग्रॅम असण्यातच असेल, तर पेटंट नाही. २८ ऑगस्ट २०१३ रोजी ११७ विरुद्ध ४ मतांनी कायदा संमत झाला आणि १३ सप्टेंबर २०१४ पासून लागू झाला.

या कायद्याची एक गोष्ट शिक्षक म्हणून मला फार भावते. त्यात चक्क उदाहरणं दिली आहेत! पहिलं वॉशिंग मशीनचं. मशीन तेच, पण आत बसवलेल्या चिपमधला प्रोग्रॅम ते अशा नव्या रीतीने चालवतो, की कपडे जास्त स्वच्छ निघतात आणि वीज कमी लागते. इथे योगदान आहे कपडे धुण्याच्या रीतीत, म्हणून पेटंट मिळू शकतं. दुसरं उदाहरण संस्था नोंदवण्याची कागदपत्रं आपोआप भरणाऱ्या प्रोग्रॅमचं. हेच काम माणूस हातानेही करतो, इथे ते फक्त कॉम्प्युटरवर आणलंय. याला पेटंट नाही. नागरिकशास्त्राच्या तासाला ही दोन उदाहरणं फळ्यावर लिहा आणि मुलांना वाद घालू द्या. मजा येते.

मग परिणाम काय झाले?

मोठा भूकंप वगैरे काही झाला नाही. १३ सप्टेंबर २०१४ च्या आधी केलेले अर्ज जुन्याच कायद्याखाली राहिले, त्यामुळे जुनी पेटंटं एका रात्रीत पुसली गेली नाहीत.

खरा फरक पडला तो छोट्यांना. दोन-चार जणांच्या कंपनीला पेटंट शोधणारा वकील परवडत नाही. आपण सहज लिहिलेलं एखादं बटण कुणाच्या तरी पेटंटमध्ये अडकेल, ही टांगती तलवार निदान देशात तरी हलकी झाली.

'देशात तरी' हे शब्द मात्र महत्त्वाचे. तेव्हा न्यूझीलंडची लोकसंख्या होती जेमतेम ४५ लाख, मुंबईच्या निम्म्याहूनही कमी. तिथल्या कंपनीला मोठं व्हायचं तर माल बाहेर विकावा लागतो. अमेरिकेत विकला की अमेरिकेचा कायदा लागू. म्हणजे घरी निर्धास्त, बाहेर जपून. उलट तीच कंपनी घरी न मिळणारं पेटंट अमेरिकेत मागू शकते. योगायोग असा, की जून २०१४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही 'ॲलिस' खटल्यात सांगितलं, की अमूर्त कल्पना साध्या कॉम्प्युटरवर चालवली एवढ्यावर पेटंट मिळणार नाही. तेव्हापासून तिथलंही दार अरुंद झालंय.

नाण्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. एखाद्या छोट्या कंपनीने खरोखर नवी युक्ती काढली आणि बड्या कंपनीने ती पाहून स्वतःचा कोड लिहिला, तर देशात तिला पेटंटची ढाल नाही. मग उरतं काय? युक्ती गुप्त ठेवणं, नाहीतर पुढे पळत राहणं. आणि वकिलांचं काम संपलं असं समजू नका! प्रत्येक प्रोग्रॅम हा 'वॉशिंग मशीन' कसा आहे, हे पटवून देण्याचं नवं काम त्यांना मिळालं. तरीही मला हा सौदा बरा वाटतो. कारण पेटंटची ढाल परवडते मोजक्यांना आणि त्याची भीती वाटते सगळ्यांना.

आपल्याकडे काय आहे?

भारतात ही रेघ न्यूझीलंडच्याही आधी ओढली गेली. २००२ च्या दुरुस्तीने पेटंट कायद्यात कलम ३(के) आलं. गणिती पद्धत, धंद्याची पद्धत, निव्वळ कॉम्प्युटर प्रोग्रॅम आणि अल्गोरिदम यांना पेटंट नाही. डिसेंबर २००४ च्या अध्यादेशाने हे थोडं सैल केलं होतं, पण २००५ साली संसदेने ती सूट ठेवली नाही. २०१९ साली दिल्ली उच्च न्यायालयाने मात्र स्पष्ट केलं, की शोधाचा तांत्रिक परिणाम दिसत असेल, तर केवळ त्यात प्रोग्रॅम आहे म्हणून तो नाकारता येणार नाही. फिरून आपण वॉशिंग मशीनपाशीच आलो!

तेव्हा पालकहो, पाढ्यांच्या खेळाला पेटंट मिळणार नाही. त्याच्या कोडचा कॉपीराइट मात्र आजच तुमच्या मुलाचा आहे. कोडच्या जुन्या प्रती तारखेसकट जपून ठेवा, वाद झाला तर त्या कामी येतात. पण एखाद्या मुलीने शेतातल्या पंपाला चिप जोडून पाणी वाचवणारी खरोखरच नवी रीत शोधली असेल, तर गोष्ट वेगळी. अशा वेळी विज्ञान प्रदर्शनात मांडण्याआधी किंवा व्हिडिओ टाकण्याआधी पेटंटच्या जाणकाराला भेटा. एकदा जाहीर झालेली गोष्ट 'नवी' राहत नाही आणि मग पेटंटचा अर्ज तिथेच अडकतो, आरएसएचं अमेरिकेबाहेर झालं तसा.