परभणीच्या मातीखालचा ज्वालामुखी

ज्वालामुखी म्हटले की जपानचा फुजी आठवतो. परभणी जिल्ह्यात तसा शंकूसारखा डोंगर एकही नाही. तरीही जिंतूरच्या डोंगरांपासून गंगाखेडच्या बालाघाटापर्यंत सगळा जिल्हा थंड झालेल्या लाव्हावरच वसलेला आहे. ही केवळ शाळेच्या पुस्तकातली माहिती नव्हे. इथल्या विहिरीला पाणी किती लागणार, हे आजही तोच लाव्हा ठरवतो आणि पाण्याचे नियोजन त्याला विचारूनच व्हायला हवे.

डोंगर नाही तर ज्वालामुखी कसला, असा प्रश्न साहजिक आहे. पण लाव्हाला बाहेर पडायला शिखर लागतेच असे नाही. आइसलँडमध्ये १७८३ साली लाकी येथे सुमारे २७ किलोमीटर लांबीच्या भेगेतून आठ महिने उद्रेक चालू होता. दख्खनमध्ये सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी याहून कितीतरी मोठ्या प्रमाणावर हेच घडले. पातळ लाव्हा दूरवर पसरला, थिजला आणि त्यावर पुढचा थर चढला. आजही जवळपास ५ लाख चौरस किलोमीटरवर हे थर दिसतात. पश्चिमेला ते जाड आहेत, पूर्वेकडे पातळ होत जातात. १९९३च्या भूकंपानंतर शेजारच्या लातूर जिल्ह्यात, किल्लारीला खोल छिद्र घेतले, तेव्हा थिजलेल्या लाव्हाचा हा खडक, म्हणजे बेसाल्ट, सुमारे ३३८ मीटरवर संपला आणि खाली त्याहून कितीतरी प्राचीन खडक लागला. तो भूकंप मात्र ज्वालामुखीचा नव्हता. इथली आग केव्हाच विझली आहे.

हा इतिहास पाहायचा तर एखादी उघडी विहीर पुरे. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग पांढऱ्या ठिपक्यांचा खडक आणि खाली काळाकभिन्न पाषाण. ते ठिपके म्हणजे लाव्हातल्या वायूचे बुडबुडे, पुढे खनिजांनी भरलेले. वरची काळी माती याच खडकाच्या झिजेतून तयार झाली. पावसात ती फुगते, पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगाळते. कापूस, तूर आणि रब्बीची ज्वारी तिच्या ओलीवर येते. गोदाकाठचा जाड गाळ नदीने आणला हे खरे, पण तोही बहुतांशी याच खडकाचा चुरा आहे.

माती पाणी धरते, पण खालचा घट्ट पाषाण ते धरत नाही. पाणी साठते ते झिजलेल्या मुरमात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. यावर कोणी म्हणेल, खोल बोअरलाही पाणी लागतेच की. लागते, पण भेग सापडली तर; आणि त्या भेगेत वरून पाणी मुरायला फार वेळ लागतो. उपसा जास्त आणि भरणा कमी झाला की बोअर आटतो, मग शेतकरी कर्ज काढून आणखी खोल जातो. २००९च्या महाराष्ट्र भूजल कायद्यात ६० मीटरहून खोल विहिरींवर निर्बंध आहेत, त्यामागे हेच कारण आहे.

म्हणून गावाने पैसा खाली घालण्याऐवजी वर घालावा: बांधबंदिस्ती, नाल्यांवरचे बंधारे, मुरमाच्या पट्ट्यात पाझर तलाव, जुन्या विहिरींचे पुनर्भरण आणि पाणी पाहून पीक. बोअरचा निर्णय घेण्याआधी आपल्या शिवारातल्या विहिरींचे थर एकदा नीट पाहून घ्या.